आप्पारावांनी कबूल केलेला वाघ

मंजुळाबाईंच्या दहाव्याला कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. नदीकाठच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते. माना तिरप्या करून खालच्या पिंडाकडे पाहत होते; पण उतरायचं नाव कोणी घेत नव्हतं. ऊन चढायला लागलं. मंजुळाबाईंना मुलगा नव्हता, म्हणून पिंड दिला होता पुतण्या सुग्रीवने. एकुलती लेक वच्छला, केजच्या मास्तरांना दिलेली, बायकांबरोबर वडाच्या सावलीत बसून होती. दहा दिवसांत ती एकदाही मोठ्यानं रडली नव्हती. "लई घट्ट काळजाची बाई हाय," असं बायका आपसात म्हणत, आणि तिला ते ऐकू येत होतं.

सुग्रीवने हात जोडले. "काकू, वच्छलाक्काचं माहेर तुटू देणार न्हाई. पंचमीला मूळ धाडू, दिवाळीला लुगडं घेऊ."

कावळे बसून राहिले.

"तुळशीला रोज पाणी घालू."

एका कावळ्याने चोचीने पंख खाजवला.

"तांबडी गाय भाकड झाली तरी दावणीलाच ठिवू, काकू. इकणार न्हाई."

तेही काकूंना पटलेलं दिसलं नाही. भटजींनी सूर्याकडे पाहिलं आणि हळूच दर्भाची जुडी हातात घेतली. कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. पण ज्या घरावर तशी वेळ येते त्या घराचं नाव पुढे दहा वर्षं पाणवठ्यावर निघत राहतं. दर्भ पाहताच आप्पारावांचा धीर सुटला.

आप्पाराव म्हणजे मंजुळाबाईंचे धाकटे भाऊ. बालाघाटाच्या कडेच्या गावचे मोठे शेतकरी. अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून धिप्पाड. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं आणि गालात तंबाखू नव्हती. ते ताडकन उठले आणि बाभळीकडे हात करून ओरडले, "आक्के, आता आनिक काय पायजे तुला? सगळं तर कबूल केलं! आता काय वाघ पायजे का? बरं, दाखवतो वाघ! हैदराबादेला न्हेऊन दाखवतो! झालं समाधान?"

त्यांचा हात खाली यायच्या आत एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाचा घास घेऊन उडाला.

मग वडाखालून कोणी तरी हसलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर ती वच्छला होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत ती हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

*

ती का हसली हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मंजुळाबाईंची वाघाची गोष्ट पंचक्रोशीत ज्याने ऐकली नाही असा माणूस नव्हता.

मंजुळा दहा वर्षांची आणि आप्पा चार वर्षांचा. घाटाखालच्या ओढ्यावर दोघं वासरं पाजायला गेली होती. एकाएकी मोर ओरडायचे थांबले. वासरं शेपट्या वर करून पळाली. समोरच्या काठावर गवत हललं. मंजुळाने धाकट्या भावाचं डोकं आपल्या पोटात दाबलं, त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. पळायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. मग पाणी पिण्याचा आवाज आला. गोष्ट सांगताना इथं मंजुळाबाई जीभ टाळूला लावून तो आवाज काढायच्या, लप, लप, लप, अगदी सावकाश, आणि ऐकणारी पोरं आईच्या कुशीत शिरायची. आवाज थांबला. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर समोर दगड ओला, आणि चिखलात ताटलीएवढा पंजा उमटलेला, त्यात हळूहळू पाणी भरत होतं.

"आन् वाघ?" पोरं विचारायची.

"वाघ कुठला, बाई! म्या डोळे मिटलेले," मंजुळाबाई म्हणायच्या. आणि दरवेळी शेवटी, "एकदा डोळे उघडे ठिवून बघायला पायजे व्हता."

आप्पाराव तिथं असले तर लगेच मधे पडायचे. "म्या बघितला की! आक्काच्या बोटाच्या फटीतून! हत्तीच्या पिलाएवढा व्हता!" दरवर्षी तो वाघ वाढत गेला. वच्छलाच्या लग्नापर्यंत त्याच्या मिशा हातभर लांब झाल्या होत्या.

भटजींनी दर्भ खाली ठेवला आणि निकाल दिला. मेलेल्या माणसाला दाखवायचं ते त्याच्या पोटच्या लेकराला दाखवलं की पावतं; आणि वर्षश्राद्धाच्या आत व्हायला हवं. आप्पाराव म्हणाले, "आवो, म्या रागात बोललो!" भटजी म्हणाले, "कावळ्याने खरं धरलं."

*

आप्पारावांनी आधी वाघ जवळपास उरकता येतो का ते पाहिलं. पण त्यांच्या लहानपणीचे वाघ बालाघाटात आता राहिले नव्हते. पावसाळ्यात मुंजाजी धनगराने तरस पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा आप्पारावांनी भटजींकडे माणूस पाठवून विचारलं, की तरस चालतं का? भटजींनी निरोप धाडला, चालत नाही. दिवाळीत बिबट्याबद्दल विचारलं. तोही चालत नव्हता. पेरणी, काढणी, सुगी असं करता करता निम्मा फाल्गुन सरला. श्राद्धाला पंधरा दिवस राहिले.

वच्छलाने अकरा महिन्यांत मामांना एका शब्दाने आठवण दिली नाही. मात्र फाल्गुनातल्या एका सकाळी मामांची बैलगाडी केजला तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिची वळकटी बांधलेली होती आणि दशम्यांचं फडकं वर ठेवलेलं होतं.

"तुला कसं कळलं म्या येणार ते?" मामांनी विचारलं.

"पंधरवड्यापासून रोज दशम्या करायले, मामा," वच्छला म्हणाली. "रोज आमीच खायलोत."

तिच्या नवऱ्याने, उत्तरेश्वर मास्तरांनी, शाळा सोडून येता येत नाही म्हणून हळहळ व्यक्त केली आणि मामांच्या हातात एक लहानशी चिठ्ठी दिली. चिठ्ठीत हैदराबादेच्या राधाकिशनचा पत्ता होता. राधाकिशन मूळचा परळीचा, मास्तरांबरोबर शिकलेला. आता तिकडे एका वकिलाकडे कारकून होता.

परळीला आगगाडी येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. वैजनाथाचं दर्शन घेऊन दोघं गाडीत बसली. आप्पाराव आयुष्यात पहिल्यांदाच आगगाडीत बसत होते. पण ते कबूल करतील तर ते आप्पाराव कसले! उदगीरपर्यंत त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना हैदराबादेची माहिती सांगितली. बिदरच्या पुढे एका हैदराबादी प्रवाशाने खूप वेळ शांतपणे ऐकून घेऊन विचारलं, "हजरत, आप कभी गए क्या हैदराबाद?" तेव्हा मामांनी खिडकीबाहेर पाहून वच्छलाला सांगितलं, "ह्या बाजूची जमीन लई हलकी दिसायली बग."

वच्छला खिडकीशी बसून होती. पळस फुलले होते. माळच्या माळ पेटल्यासारखे दिसत होते. तिने पुस्तकातून पुष्कळ देश पाहिले होते. मास्तर जे आणत ते ती वाचून काढी. पण आपल्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर पळस इतका लाल असतो हे तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, घरी गेल्यावर आईला सांगावं. आणि मग तिने खिडकीचा गज धरून पुढचा माळ येण्याची वाट पाहिली.

*

मास्तरांची तार मिळाल्यामुळे नामपल्लीच्या स्टेशनावर राधाकिशन उतरवून घ्यायला आला होता. काळी टोपी, शेरवानी, आणि तोंडात परळीची मराठी. येण्याचं कारण ऐकून तो आधी हसला आणि मग म्हणाला, "मग अवघड काय आहे? समोरच सरकारी बाग आहे. बागेत पिंजऱ्यात वाघ आहे. आत्ता दाखवतो."

आप्पारावांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. स्टेशनापासून चार पावलांवर वाघ! वळकट्या हमालाच्या डोक्यावर ठेवूनच तिघं बागेत शिरली. पिंजऱ्याभोवती गर्दी होती. वाघ भिंतीकडे तोंड करून झोपला होता. एक टोपीवाला मुलगा त्याला शेंगा मारत होता. वाघाने फक्त कान हलवला.

"बघितलास का?" मामा म्हणाले. "हा कान. हे पट्टे. वाघच हाय. चला, आता जेवू."

वच्छला बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, आई ह्याला भ्याली असती का?"

"ह्याला? ह्याला तर आपली म्हैस भ्यायची न्हाई."

"मंग हा तिचा न्हाई," वच्छला म्हणाली. "तिनं डोळे मिटले त्यो मोकळा व्हता."

तिने आवाज चढवला नव्हता. पण आप्पारावांना त्या स्वराची ओळख होती. थोरल्या बहिणीचा होता तो. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि राधाकिशनकडे पाहिलं.

शहराबाहेर काही कोसांवर सरकारचं शिकारगाह होतं. मोठं राखीव जंगल, मधे तलाव, आणि शिकारी पाहुण्यांसाठी बांधलेल्या कोठ्या. परवान्याशिवाय तिथं चिटपाखरू जाऊ शकत नसे, आणि परवाने साहेबलोकांना, जहागिरदारांना मिळत. राधाकिशनने दोन दिवस खपून उर्दूत अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी तिघं कचेरीत उभी राहिली.

तिथले अधिकारी म्हातारे होते. पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी अर्ज एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून आप्पारावांकडे पाहिलं.

"बंदूक नहीं होना?"

"न्हाई, सरकार."

"शिकार नहीं करना?"

"न्हाई, सरकार."

"सिर्फ देखना?"

"आक्काला कबूल केलंय, सरकार," आप्पाराव म्हणाले. त्यांचा तो आवाज सगळा विरघळून गेला होता. "कावळ्यासमोर."

राधाकिशनने कावळ्याचं सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. मग बाजूच्या कारकुनाला म्हणाले, "तीस बरस से ये कुर्सी पो बैठ रहा हूँ मियाँ. लोगाँ शेर मारने आए, खाल लेने आए, नाखून मांगने आए. शेर देखने कू पहली बार कोई आया." आणि त्यांनी शिक्का मारला. एक दिवसाचा परवाना. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत.

*

राधाकिशन दोघांना शिकारगाहच्या फाटकाशी सोडून आपल्या कामावर गेला. फाटकावर राखणदार उभा होता. पिकलेल्या मिशा, खाकी कोट, पायात फाटके बूट. त्याने परवाना उलटासुलटा केला आणि विचारलं, "कहाँ से आए?"

"बीड जिल्हा," आप्पाराव म्हणाले. "नांदूरघाटाकडून."

राखणदाराच्या मिशा हलल्या. "आवो, मंग मराठी बोला की! म्या धारूरचा. शेख मदार. लहानपणी बापासंगं इकडं आलतो, त्यो इकडंच ऱ्हायलो. धारूरच्या किल्ल्यातले सीताफळं आजून तसेच हायेत का?"

"आजून तसेच," वच्छला म्हणाली.

"बास," शेख मदार म्हणाला. "आज तुमाला वाघ दिसला न्हाई तर म्या मिशी काढीन."

सीताफळाच्या जोरावर त्याने त्यांना तलावाकाठच्या सगळ्यात चांगल्या कोठीत नेलं. चार हात लांब, तीन हात रुंद दगडी खोली. समोरच्या भिंतीत बंदुकीची नळी काढण्यापुरत्या उभ्या फटी. फटीला डोळा लावला की तलावाचं पाणी आणि पलीकडचा काठ. फाल्गुन संपत आल्यामुळे पाणी आटून मधे गेलं होतं आणि काठावर रुंद चिखल होता.

"येईल तर हितंच येईल," शेख मदार म्हणाला. "पन एक आट हाय. बोलायचं न्हाई."

वच्छलाने मामांकडे पाहिलं. शेख मदारनेही पाहिलं.

"माज्याकडं काय बघायलात?" मामा म्हणाले, आणि तेवढ्यानेच काठावरचे दोन बगळे उडाले.

तो दिवस वच्छलाला पुढे आयुष्यभर तासातासाने आठवत राहिला. आधी चितळ आले. एक, मग तीन, मग इतके की काठ ठिपक्यांनी भरून गेला. पाडसं एकमेकांच्या पायांत अडखळत होती. मोर आले, एकाने कोणी पाहत नसताना उगीचच पिसारा फुलवला आणि मिटला. रानडुकरांची रांग आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची आठ पिलं, शेपट्या काड्यांसारख्या ताठ. वच्छला फटीला डोळा लावून बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून हसतो आहोत.

मग काळवीट आले. आप्पारावांना राहवलं नाही.

"हे बघायला आगगाडीत बसलो व्हय?" ते कुजबुजले. त्यांची कुजबूज म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं. "हे तर आमच्या हरभऱ्यात रोज असत्यात! आमी गोफणीनं हाकलतो, आन् हितं ह्यांना सरकारी पाणी!"

काळवीट उधळले. शेख मदारने कमरेची तंबाखूची चंची काढून आप्पारावांच्या हातात ठेवली आणि गालाकडे बोट केलं. भरलेल्या गालाने माणूस बोलत नाही, हे तीस वर्षांच्या राखणदारीत तो शिकला होता.

दुपार झाली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिघांनी वाटून खाल्ली. शेख मदारने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून घेतले. "ही आमच्याकडची चटनी," तो हळूच म्हणाला. नंतर मामांना झोप लागली आणि ते घोरू लागले. पाण्यात उभं राहिलेलं सांबर दचकून कोठीकडे पाहू लागलं. वच्छलाने त्यांचं नाक दाबलं. लहानपणी आईही असंच करायची.

सावल्या लांब झाल्या. पाणी पितळेसारखं दिसू लागलं. शेख मदारने दोनदा सूर्याकडे पाहिलं आणि एकदा मिशीवरून हात फिरवला. परवाना सूर्य मावळेपर्यंतचा होता. श्राद्ध नऊ दिवसांवर होतं. वच्छलाने मनात ठरवलं, नाहीच आला तर मामांना काही बोलायचं नाही. आईनेही कधी कोणाला काही बोलून दाखवलं नव्हतं.

आणि मग मोर ओरडायचे थांबले.

दूर एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. चितळांनी माना वर केल्या, एकाने पाय आपटला, आणि बघता बघता सगळा काठ मोकळा झाला. शेख मदारने वच्छलाच्या कोपराला नुसतं बोट लावलं.

पलीकडे पळसाखाली सावली पडली होती. त्या सावलीला हळूहळू पट्टे दिसायला लागले. मग ती सावली उठून चालू लागली.

तेवढ्यात वच्छलाच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. रुंद, खरखरीत, तंबाखूचा वास येणारा हात तिच्या डोळ्यांवर घट्ट बसला होता, आणि दुसऱ्या हाताने मामांनी तिचं डोकं आपल्या छातीशी ओढलं होतं. त्यांचं काळीज धडधडत होतं ते तिच्या कानात ऐकू आलं. त्यांनी ते जाणून केलं नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे हात ते चौथ्या वर्षीच शिकले होते, की वाघ आला की असं करायचं.

अंधारात आवाज आला. लप. लप. लप.

हा आवाज तिला पाठ होता. आईने तो अगदी बरोबर काढला होता. फक्त खरा याहूनही सावकाश होता.

"मामा," वच्छला ओठांतल्या ओठांत म्हणाली, "हात."

हात हलला नाही. तिने एकेक बोट धरून बाजूला केलं. पहिल्या बोटाच्या फटीतून पाणी दिसलं, दुसऱ्याच्या फटीतून रंग. मग तिने हात पूर्ण काढला आणि भिंतीच्या फटीला डोळा लावला.

तो समोर होता. पुढचे पाय चिखलात रोवून, खांदे वर काढून, डोकं खाली घालून पाणी पीत होता. त्याचा रंग पळसाचा नव्हता, वाळल्या गवताचाही नव्हता. संध्याकाळच्या उन्हात भाजलेल्या विटेचा असतो तसा होता. पोटाखाली पांढरा. एका कानाचा तुकडा गेलेला. त्याची जीभ पाण्याला लागली की वर्तुळं निघत, आणि एकेक वर्तुळ थेट अलीकडच्या काठापर्यंत येऊन पोचत असे. त्याने कोणाला घाबरवायला काही केलं नाही. तहान लागली होती, म्हणून तो पाणी पीत होता. मधेच त्याने डोकं वर केलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि सरळ कोठीकडे पाहिलं.

वच्छलाने डोळे मिटले नाहीत. त्यांत पाणी आलं, तरी मिटले नाहीत. तिने बाजूला हात नेऊन चाचपडलं. मामांचे डोळे गच्च मिटलेले होते.

"मामा, उघडा," ती कुजबुजली. "काय करत न्हाई त्यो. बघा."

आप्पारावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ते शेजारच्या फटीशी वाकले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तंबाखूशिवाय गप्प झाले.

वाघ पाणी प्यायला, वळला आणि पळसाखालच्या सावलीत मिसळून गेला. कुठं तरी एक मोर ओरडला.

*

सूर्य टेकायच्या आत शेख मदारने त्यांना त्या काठावर नेलं. चिखलात पंजा उमटला होता, ताटलीएवढा, आणि त्यात हळूहळू पाणी भरत होतं. वच्छला खाली बसून ते पूर्ण भरेपर्यंत पाहत राहिली.

आप्पारावही शेजारी बसले. धोतर चिखलाने भरलं त्याची शुद्ध नव्हती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वच्छे, एक सांगू का?"

"सांगा."

"तव्हा म्या काईच बघितलं न्हवतं. फट न्हवती. आक्कानं लई घट्ट धरलं व्हतं."

"ठावं हाय, मामा."

"तुला ठावं?"

"आईलाबी ठावं व्हतं."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "मंग कावून बोलली न्हाई कवा? जल्मभर म्या चारचौघांत थापा मारायलो आन् ती बसून ऐकायली?"

वच्छलाने पंजातल्या पाण्याकडे पाहिलं. "ती म्हणायची, आपल्याला तर दिसला न्हाई. आप्पाचा वाघ लई देखणा हाय. ऱ्हाऊ द्या."

आप्पाराव पागोट्याचं टोक डोळ्यांना लावून बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. रडतात की हसतात ते कळत नव्हतं. शेवटी नाक ओढून ते म्हणाले, "आन् मिशा काई हातभर न्हाईत, बरं का."

मग वच्छला हसली. दहाव्याच्या दिवशी हसली होती तसंच, पण या वेळी तिने तोंडाला पदर लावला नाही. शेख मदारने मिशीवरून हात फिरवत सुटकेचा निःश्वास टाकला. फाटकाशी त्याने वच्छलाकडे उरलेली चटणी मागून घेतली आणि सांगितलं, की पुढच्या वेळी सीताफळं आणा.

*

गावी परतल्यावर आप्पारावांवर वेगळंच संकट आलं. त्यांनी खरा वाघ सांगायला सुरुवात केली आणि तो कोणी ऐकेना. "कान तुटका? नुसतं पाणी प्यायला? आन् मंग?" लोक म्हणत. "आप्पाराव, तुमचा पयला वाघच बरा व्हता." पण आप्पाराव हट्टाने खराच सांगत राहिले. फक्त एक फरक झाला. गोष्ट पाणी पिण्याच्या आवाजापाशी आली की ते थांबत आणि श्राद्धासाठी राहिलेल्या वच्छलाकडे पाहत. आणि वच्छला जीभ टाळूला लावून तो आवाज काढी. अगदी सावकाश.

वर्षश्राद्धाला नदीवर सगळी मंडळी जमली. सुग्रीवने पान वाढून दगडावर ठेवलं. बाभळीवर कावळे बसले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. कावळा उतरेना. भटजींनी खाकरून घसा साफ केला.

आप्पाराव उठले. त्यांनी बाभळीकडे हात केला. "आक्के, आता—"

"मामा, गप बसा!" वच्छला, सुग्रीव, भटजी आणि वडाखालच्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. सुग्रीवने तर धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

त्या आरडाओरड्यात कावळा कधी उतरला आणि कधी घास घेऊन गेला, ते कोणालाच दिसलं नाही. वच्छलाला मात्र दिसलं. तिचे डोळे उघडे होते.